चहा, कॉफी आणि मंगळावरची माणसं

हिरण्यकश्यपूचा वर आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मरण दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. माणसाच्या हातून नको, जनावराच्या नको. शस्त्राने तर नकोच नको. एखाद्या मुरलेल्या वकिलाकडून मसुदा तपासून घेतल्यासारखा हा चोख वर. पण मसुदा कितीही चोख असला तरी त्यात एक फट राहतेच, आणि ती शोधण्यात देव वकिलांपेक्षा हुशार असतो. तिन्हीसांजेची वेळ, उंबरठ्याची जागा, अर्धा नर, अर्धा सिंह आणि हत्यार म्हणून हाताची नखं! नरसिंहाने वराचं एकही कलम मोडलं नाही. दोन कलमांच्या मधून तो बाहेर आला, इतकंच.

पुराणातली वांगी पुराणातच ठेवावीत, हे मला मान्य आहे. तरी ही एवढी एक फोड बाहेर काढली, कारण मला ज्या अमेरिकन मालिकेविषयी लिहायचं आहे तिचं नावच मुळी 'द ट्वायलाइट झोन' असं आहे. ट्वायलाइट म्हणजे तिन्हीसांज. ज्या वेळी झोपू नये, केर काढू नये, उंबरठ्यावर बसू नये असं आपल्याला लहानपणी बजावलेलं असतं, ती वेळ. या वेळेचा एक स्वतंत्र मुलूख आहे अशी कल्पना करायची आणि दर आठवड्याला एका साध्यासुध्या, वेळच्या वेळी कर भरणाऱ्या माणसाला त्या मुलखात ढकलून द्यायचं, एवढाच या मालिकेचा उद्योग.

हा उद्योग २ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएस या वाहिनीवर सुरू झाला आणि १९ जून १९६४ रोजी थांबला. पाच हंगाम, एकशे छप्पन भाग. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, माणसं वेगळी, जग वेगळं. आपल्याकडच्या मालिकांत सोमवारी जिना चढायला लागलेली सून शुक्रवारी वरच्या पायरीवर पोचते आणि तिथे कोण उभं आहे ते पुढच्या सोमवारी कळतं. ती सवय झालेल्या माणसाला इथे दम लागतो. इथे अर्ध्या तासात, तेही जाहिराती वजा जाता, माणूस जगतो, घाबरतो, शहाणा होतो किंवा मरतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नावही कोणी काढत नाही.

ती सुरू झाली त्याच्या सतराच दिवस आधी, १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत आपला टेलिव्हिजन प्रयोग म्हणून सुरू झाला होता. मुंबईला तो यायला १९७२ सालचा २ ऑक्टोबर उजाडावा लागला. म्हणजे तारीख अगदी तीच, फक्त तेरा वर्षं उशिरा. तेव्हा ही मालिका आपल्यापैकी बहुतेकांना पुढे कधीतरी कॅसेटी, तबकड्या आणि मग इंटरनेट अशा मार्गांनी भेटली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गोष्टी रात्री अंथरुणात वाचून, मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटं जायला घाबरलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटायचं काही कारण नाही.

पण भुताखेतांची आणि परग्रहांची करमणूक म्हणून या मालिकेची जी कीर्ती आहे, ती मला तिच्यावर अन्याय करणारी वाटते. ही मंगळावरची माणसं मंगळावरून आलीच नव्हती. ती आली होती अमेरिकेतल्या मिसिसिपी नावाच्या राज्यातून. मधल्या प्रवासात त्यांना सोंग घ्यावं लागलं, ते का, हे कळल्याशिवाय मालिका कळत नाही.

मालिकेचा जनक रॉड सर्लिंग. जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्री घेऊन उडी मारणाऱ्या पलटणीत होता, फिलिपिन्समध्ये लढला, जखमी झाला, सैन्यात असताना मुष्टियुद्धही खेळला. एवढं सगळं सोसून झाल्यावर त्याने आणखी धोक्याचा धंदा पत्करला : तो टेलिव्हिजनसाठी नाटकं लिहू लागला.

त्या काळच्या अमेरिकन टेलिव्हिजनची रीत अशी की, एखादी कंपनी कार्यक्रमाचा खर्च उचलायची आणि मग ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने संहितेवर पेन्सिल चालवायची. लग्नाचा खर्च करणाऱ्या काकांना मंगलाष्टकांची चाल ठरवायचा हक्क असतो, तसंच. आता काकांचा मुख्य धंदा साबण, पोलाद किंवा गॅस विकण्याचा. त्यांना एकच चिंता : गिऱ्हाईक दुखावता कामा नये. आणि गिऱ्हाईक म्हणजे अख्खा देश!

१९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असा आरोप. ज्यांच्यावर खटला झाला त्यांना पंचांनी तासाभरात निर्दोष सोडलं. पंच सगळे गोरे. सर्लिंगला हे पचेना. त्याने नाटक लिहायला घेतलं. मुळातच सावधगिरी म्हणून त्याने मेलेला माणूस म्हातारा ज्यू सावकार केला होता. पण हे टिलच्या खुनावरचं नाटक आहे अशी बातमी वर्तमानपत्रांत फुटली, दक्षिणेतून बहिष्काराच्या धमक्या आल्या, आणि पोलाद कंपनीच्या काकांनी पेन्सिल उचलली. सावकार गेला, त्याच्या जागी कुठला ते न सांगितलेला कोणी परदेशी आला. गाव दक्षिणेतून उचलून पार ईशान्येकडे न्यू इंग्लंडमध्ये नेऊन ठेवलं. मारेकरी मुळात चांगला, घरंदाज मुलगा, जरा वाट चुकलेला, असा झाला. एवढ्यावरही भागेना, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की नेपथ्यात कोका-कोलाची बाटली आहे आणि कोका-कोला म्हटलं की दक्षिण आठवते. बाटलीही गेली! १९५६ च्या एप्रिलमध्ये 'नून ऑन डूम्सडे' या नावाने ते नाटक झालं, तेव्हा त्यात खून तेवढा शिल्लक होता. कोणी, कोणाचा, कुठे आणि का, हे किरकोळ तपशील सोडले तर सगळं मुळाबरहुकूम.

गडी चिवट. दोन वर्षांनी त्याने तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी पेन्सिलीने तो एकोणिसाव्या शतकात ढकलला आणि मुलगा मेक्सिकन केला. हा प्रकार एकट्या सर्लिंगपुरता नव्हता. १९५९ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यावर ॲबी मान या लेखकाचं नाटक टेलिव्हिजनवर झालं. खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेचा. नाझींनी माणसं कशाने मारली हे ज्या वाक्यांत येत होतं, तिथला 'गॅस' हा शब्द तेवढा ऐकू येऊ दिला नाही. पात्रांचे ओठ हलले, आवाज नाही. साठ लाख माणसं मेली याला कंपन्यांची हरकत नव्हती. ती आपल्या मालाने मेली असं गिऱ्हाइकाच्या मनात यायला नको, एवढंच.

हिरण्यकश्यपूचा वर तो हाच. दक्षिण नको, उत्तर नको. काळा नको, गोरा नको. आजचं नको, कालचं जपून. सर्लिंगने मग नरसिंहाचा रस्ता धरला. मिसिसिपी नको ना? ठीक आहे, गोष्ट परग्रहावर घडेल. काळा-गोरा नको? पात्रांचे चेहरे डुकरांसारखे असतील. आजचं नको? शंभर वर्षांनंतरचं घ्या. मंगळावरचे लोक काही साबण घेत नाहीत, त्यामुळे ते दुखावले तरी चालतात!

मालिका सुरू व्हायच्या दहा दिवस आधी माइक वॉलेस या मुलाखतकाराने सर्लिंगला चिमटा काढला, की म्हणजे तुम्ही आता टेलिव्हिजनवर महत्त्वाचं असं काही लिहिणार नाही तर! सर्लिंगनेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगून टाकलं, की सामाजिक प्रश्नांच्या वाटेला आपण आता जाणार नाही. काका खूश झाले असतील. काकांना गोष्टीतलं काय खुपत होतं पाहा : सुरुवातीच्या एका भागात ब्रिटिश जहाजावरचा अधिकारी चहा मागवतो. खर्च कॉफीवाल्यांचा. चहाचं नाव काढायचं नाही! भर समुद्रात, युद्धाच्या रात्री, पाणबुडीच्या सावटाखाली उभा असलेला इंग्रज चहाला मुकला. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या माणसांच्या नाकाखालून पाच वर्षं जे काय गेलं, त्याची हकिगत म्हणजेच ही मालिका.

मालिकेचा घाट मला तरी आपल्या कीर्तनासारखा वाटतो. सुरुवातीला बुवा उभे राहून चार वाक्यांत विषय मांडणार, मग आख्यान, मग शेवटी पुन्हा बुवांचा आवाज आणि तात्पर्य. पहिल्या हंगामात बुवांचा फक्त आवाज होता, दुसऱ्यापासून ते स्वतः दिसू लागले. काळा सूट, दात न उघडता बोलायची ढब, हातात बऱ्याचदा सिगारेट. मध्यंतरातलं आरतीचं तबक फिरवायचं काम अर्थात कंपन्यांकडे. पुढे एका सिगारेट कंपनीच्या वतीने भाग संपल्यावर सर्लिंगला तिच्या मालाची शिफारसही करावी लागे. काकांशी लढणाऱ्याची काकांनी घेतलेली ही दक्षिणा. सर्लिंग स्वतःही अखंड सिगारेटी ओढायचा. १९७५ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला, तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांचा होता.

या कीर्तनातलं सर्वांत गाजलेलं आख्यान मुलाखतीनंतर साडेपाच महिन्यांनी, ४ मार्च १९६० ला झालं. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. शनिवारची निवांत संध्याकाळ, नेटकी घरं, आइस्क्रीमवाला. डोक्यावरून काहीतरी झपकन जातं आणि गल्लीतली वीज, टेलिफोन, मोटारी, सगळं बंद पडतं. एक पोरगा पुस्तकात वाचलेलं सांगतो, की परग्रहावरचे लोक येण्याआधी आपल्यासारखंच दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवून देतात. झालं! आपल्यातलं ते कुटुंब कोणतं? एकाची मोटार आपोआप सुरू होते, मग त्याला रात्री झोप लागत नाही आणि तो अंगणात उभा राहून आकाशाकडे पाहतो, हे एका बाईला आठवतं. दुसऱ्याच्या तळघरात रेडिओ आहे म्हणे, आणि तो कोणी पाहिलेला नाही! अंधार पडेपर्यंत एकाच्या हातात बंदूक येते, आणि पलीकडच्या गल्लीत काय झालंय ते बघायला गेलेला शेजारी परत येताना त्याच बंदुकीने मरतो. मग दगड, आरडाओरडा, पळापळ. टेकडीवर उभे असलेले परग्रहाचे दोन पाहुणे शांतपणे बोलत असतात : यांना मारायला हत्यार लागत नाही, दिवे घालवले की पुरे, बाकीचं काम ते स्वतः करतात.

हा भाग महाराष्ट्रात जितका कळेल तितका अमेरिकेतही कळला असेल की नाही, शंका आहे. वीज गेली की आपण प्रथम काय करतो? मेणबत्ती शोधत नाही. गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते पाहतो. तिकडेही अंधार असला की जिवाला केवढी शांती मिळते! आणि तिकडे झगझगाट असला की, यांचीच कशी नाही जात, यांचं कोणीतरी मंडळात दिसतंय, इथपासून सुरुवात होते. सर्लिंगने नवीन काही सांगितलं नाही. आपण गॅलरीतून आत येतो, तो आपल्याला जिना उतरवून खाली नेतो, एवढाच फरक.

मात्र याच भागात सोंगाची एक मोठी गोची दिसते. हे आख्यान चारचौघांनी एकत्र बसून पाहावं आणि मग एकमेकांचे चेहरे पाहावेत. प्रत्येकाला कोणीतरी ओळखीचं दिसलेलं असतं. पहिल्या मजल्यावरच्यांना दुसऱ्या मजल्यावरचे आठवतात, दुसऱ्यावरच्यांना सेक्रेटरी आठवतो, आणि सेक्रेटरीला थकबाकीदारांची अख्खी यादी आठवते. आपलं त्यात काही आहे, असं कोणालाच वाटत नाही! प्रायोजकाला जे कळू नये म्हणून सोंग घेतलं, ते प्रेक्षकालाही कळलं नाही तर? मंगळावरच्या माणसांवर ढकललेली गोष्ट प्रेक्षकही तितक्याच हौसेने पुढे ढकलतो. दक्षिणेतला जो सद्गृहस्थ टिलचं नाव घेतल्यावर पोलादावर बहिष्कार घालायला निघाला होता, तोच मेपल स्ट्रीट पाहून, 'लोक कसे असतात बघ' असं बायकोला म्हणाला नसेल कशावरून?

सर्लिंगला हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून त्याच्या चांगल्या भागांत तो सोंग असं रचतो, की ते शेवटी पाहणाऱ्याच्याच तोंडावर बसावं. 'आय ऑफ द बिहोल्डर' हा १९६० चा भाग घ्या. इस्पितळात एक बाई चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून पडली आहे. ती इतकी कुरूप आहे, की सरकारी खर्चाने अकरावा आणि शेवटचा उपाय चालू आहे; हा फसला तर तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत रवानगी. डॉक्टर, परिचारिका सगळे प्रेमळ. फक्त त्यांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत. कॅमेरा पाठीमागून, सावलीतून फिरत राहतो. पट्ट्या सुटतात. बाई देखणी आहे! डॉक्टर हळहळतो, उपाय फसला. आणि उजेडात आलेले सगळे चेहरे डुकराच्या नाकाचे, वाकड्या ओठांचे. ज्या देशात कातडीच्या रंगावरून माणसाची वस्ती ठरत होती, तिथे हा भाग काकांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यांनी बहुधा संहितेत चहा कुठे आहे का, एवढंच पाहिलं असावं. आणि आपण फार हसायला नको. रविवारच्या वर्तमानपत्रातलं 'गोरी, सडपातळ, सुंदर वधू पाहिजे' हे पान उघडून आणि त्याखाली मुलाचा फोटो ठेवून हा भाग पुन्हा पाहावा. पट्ट्या कोणाच्या सुटतात ते कळेल.

माझा आवडता भाग मात्र १९६१ चा, 'इट्स अ गुड लाइफ'. जेरोम बिक्सबी यांच्या कथेवरून सर्लिंगने केलेला. एका खेड्यात सहा वर्षांचा अँथनी नावाचा मुलगा आहे. त्याच्या मनात येईल ते होतं. न आवडलेली माणसं तो मनाच्या एका झटक्याने मक्याच्या शेतात धाडतो. तिथून कोणी परत येत नाही. त्याला मनातलं ऐकू येतं, म्हणून सगळ्या गावाने मनातसुद्धा चांगलंच बोलायचं. ऊन पडलं, छान केलंस. बर्फ पडून पीक गेलं, तेही छानच केलंस! संध्याकाळी तो सगळ्यांना टेलिव्हिजन दाखवतो, तोही स्वतःच्या मनातून काढून. त्यात प्रचंड सरडे एकमेकांशी झुंजतात. मोठी माणसं ओळीने बसून पाहतात आणि म्हणतात, वा, आपल्या जुन्या कार्यक्रमांपेक्षा किती सरस!

समीक्षक या भागाचा अर्थ हुकूमशाहीशी लावतात, पालक लावतात लाडावलेल्या मुलांशी. दोघांचंही बरोबर असेल. मला मात्र त्या ओळीने बसलेल्या माणसांत सगळ्यात कडेला एक लेखक दिसतो. खोलीत सर्वांत लहान बुद्धीचा जो आहे, त्याच्याच हातात सगळी सत्ता आहे. त्याला राग येईल असं लिहायचं तर नाहीच, मनातही आणायचं नाही. आणि तो दाखवील त्या सरड्यांना टाळ्या वाजवायच्या. कॉफीवाल्या काकांचं याहून हुबेहूब चित्र मी पाहिलेलं नाही. आणि ते त्यांच्याच धंद्याच्या दुकानात बसून काढलेलं!

आता उणंही सांगायला हवं, नाहीतर हे मानपत्र होईल. एकशे छप्पनपैकी ब्याण्णव भाग सर्लिंगने एकट्याने लिहिले. रिचर्ड मॅथसन, चार्ल्स बोमाँ यांच्यासारखे जबरदस्त साथीदार असूनही गाडा मुख्यतः तोच ओढत होता, आणि एवढं लिहिल्यावर बुवांचा घसा बसणारच. काही ठिकाणी आख्यान संपतं तरी तात्पर्य संपत नाही. विनोदी भाग तर बहुतेक असे, की ते विनोदी आहेत हे संगीतावरून ओळखावं लागतं. चौथ्या हंगामात वाहिनीने प्रत्येक भाग तासाभराचा केला. अर्ध्या तासाच्या आमटीत तासाभराचं पाणी! पाचव्यात पुन्हा मूळपदावर आले.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. १९६१ च्या 'डेथ्स-हेड रिव्हिजिटेड' या भागात एक जुना नाझी अधिकारी डाखाऊच्या छळछावणीत फेरफटका मारायला येतो आणि तिथे मेलेले लोक त्याच्यावर खटला चालवतात. इथे सोंग नाही. डाखाऊला डाखाऊ म्हटलं आहे. परक्याच्या घरातल्या पापाला नावाने हाक मारता येत होती. आपल्या घरातल्या पापासाठी मात्र मंगळाचं तिकीट काढावं लागत होतं. पार १९६४ च्या मार्चमध्ये, मालिका संपत आली तेव्हा, एका भागात सर्लिंगने धीर केला. एका गावात फाशीच्या दिवशी सूर्य उगवतच नाही. रेडिओवर बातमी येते की असाच अंधार जगात आणखीही काही ठिकाणी पडला आहे. त्या यादीत बर्लिनच्या भिंतीबरोबर अलाबामातलं बर्मिंगहॅम आहे. याच गावात आधीच्या वर्षी चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींना मारलं होतं. गंमत म्हणा, दैवदुर्विलास म्हणा, नाटक म्हणून हा भाग भाषणबाज आहे. सोंग उतरलं आणि सोंगातला जोरही गेला. त्यापेक्षा १९६० चा 'द बिग टॉल विश' कितीतरी सरस. त्यात एक उतारवयाला लागलेला मुष्टियोद्धा आहे आणि त्याच्यावर जीव टाकणारा शेजारचा लहान मुलगा. मुख्य पात्रं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. गोष्ट वर्णाची नाही, श्रद्धेची आहे. कोणी प्रवचन देत नाही. घरात माणसं असतात तशी ती आहेत, एवढंच; आणि त्या काळच्या टेलिव्हिजनवर एवढंच फार दुर्मिळ होतं.

एमेट टिल हे नाव मात्र या भागांत कुठे नाही. सोंगाची ही किंमत. सत्य आत गेलं, पण दारात आपलं नाव ठेवून गेलं. ज्या चौदा वर्षांच्या मुलापासून हे सगळं सुरू झालं, तो ज्यू सावकार झाला, परदेशी झाला, मेक्सिकन झाला, पुढे कोणकोण झाला. तो स्वतः तेवढा झाला नाही. नरसिंह खांबातून प्रकटला, पण प्रल्हादाचं नाव घ्यायची सोय नव्हती, असलं हे पुराण.

मग सोंगाने काय साधलं? याचं उत्तर मला ज्यात कोणत्याही प्रश्नाची चर्चा नाही, अशा एका भागात सापडतं. 'टाइम इनफ ॲट लास्ट', नोव्हेंबर १९५९, लिन व्हेनेबल यांच्या कथेवरून. हेन्री बेमिस हा बँकेतला कारकून. बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा. काम बर्जेस मेरेडिथ या नटाने केलंय. बेमिसला एकच व्यसन, वाचनाचं. खिडकीवर पैसे मोजताना 'डेव्हिड कॉपरफील्ड' वाचतो आणि हिशेब चुकतो. साहेब ओरडतो. घरी बायको कवितेच्या पुस्तकातली ओळन् ओळ खोडून ठेवते आणि मग गोड आवाजात म्हणते, वाचून दाखवा ना! एक दिवस तो जेवणाच्या सुट्टीत तिजोरीच्या खोलीत वाचत बसला असताना बाहेर हायड्रोजन बॉम्ब पडतो. साहेब गेला, बायको गेली, सगळं शहर गेलं. बेमिस उरला. जीव द्यायच्या बेतात असताना त्याला ग्रंथालयाचे अवशेष दिसतात. पुस्तकं शाबूत! तो पायऱ्यांवर चळती लावतो : हा जानेवारी, हा फेब्रुवारी, हे पुढचं वर्ष. आता वेळच वेळ. एक पुस्तक उचलायला वाकतो, नाकावरचा चष्मा घसरतो, दगडावर पडतो आणि फुटतो. साऱ्या पृथ्वीवर एकही चष्मेवाला नाही.

यात न्याय कुठे आहे? बाकीच्या मालिकेत चित्रगुप्ताची वही बहुतेक ठाकठीक असते; लोभी बुडतो, क्रूर सापडतो. बेमिसने काय केलं होतं? वाचत होता! लायब्ररीची वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, चाळिशी लागल्यावरही झोपण्यापूर्वी चार पानं वाचल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशा समस्त मंडळींवर हा उघड अन्याय आहे. साठाहून जास्त वर्षं लोक त्याबद्दल सर्लिंगवर रागावलेले आहेत. पण याच भागाच्या शेवटी एक गोष्ट घडते, जी मेपल स्ट्रीटच्या शेवटी घडत नाही. तो भाग पाहून हात शेजाऱ्याच्या दाराकडे जातो. हा पाहून प्रत्येकाचा हात स्वतःच्या चष्म्याकडे जातो. दुसऱ्या मजल्यावरच्यांचासुद्धा! बॉम्ब आपल्यावर पडू शकतो, हे शंभर अग्रलेखांनी पटलं नव्हतं, ते एका फुटक्या काचेने पटतं. सोंग खरं उतरलं की नाही, याची एवढी एकच परीक्षा मला माहीत आहे.

मालिका संपल्यावर तिच्यातलं आपलं अंग सर्लिंगने वाहिनीला विकून टाकलं. पुढे तिला काय किंमत येणार, असा हिशेब. तिच्या नावाने १९८३ मध्ये चित्रपट निघाला आणि १९८५, २००२ आणि २०१९ अशा तीनदा नव्या मालिका निघाल्या. सगळ्या रंगीत, सगळ्या महागड्या. तरी लोक परत जातात ते त्या काळ्यापांढऱ्या, पुठ्ठ्याच्या यानांच्या जुन्या भागांकडे. प्रायोजकांचं नाव आज कोणाला आठवत नाही. चहा मागवणारा तो अधिकारी मात्र अजून आपल्या जहाजावर आहे, बिचारा, रिकाम्या हाताने.

कोणाला पाहायची इच्छा असेल त्याने सुरुवात मेपल स्ट्रीटपासून करावी, मग पट्ट्यांची बाई, मग अँथनी, आणि बेमिस सगळ्यात शेवटी. दिवे मालवून पाहायला हरकत नाही. फक्त मध्येच खरोखरची वीज गेली, तर गॅलरीत जायच्या आधी दोन मिनिटं अंधारात बसावं. समोरच्या इमारतीतले दिवे कुठे पळून जात नाहीत.